आमची वाटचाल : पहिल्या ग्राहकाच्याही आधी

आमचं उपकरण कारखान्यातल्या विजेच्या मोटारीवर बसतं, तिची कंपनं मोजतं आणि बेअरिंग, म्हणजे फिरता दांडा पेलणारा भाग, जाण्याआधी इशारा देतं. ते बनवायला घेण्यापूर्वी आम्ही बराच काळ फक्त माणसं शोधली आणि त्यांच्याशी बोललो. कंपनी आज उभी आहे ती त्या कामामुळे, असं मी मनापासून मानतो.

मित्र आणि जुने सहकारी मुद्दाम बाजूला ठेवले, कारण आपली माणसं कौतुकच करतात. कारखान्यांची यादी काढून ईमेल पाठवले, त्यांना उत्तरं तुरळक आली. मग प्रश्न फिरवला : मोटार जळाली की फोन कुणाला जातो? रिवाइंडिंगवाल्याला, म्हणजे जळालेल्या मोटारीत तार नव्याने गुंडाळून देणाऱ्याला!

मोटार बंद पडण्याच्या कारणांत बेअरिंगचा वाटा सर्वांत मोठा. बेअरिंग झिजलं की रोटर (फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) घासतो आणि वाइंडिंगही, म्हणजे तारेची गुंडाळीही, जाते. अशी मोटार उघडणाऱ्या कारागिराला कुणाकडची मोटार पुन्हापुन्हा येते, कुठे धूळ जास्त, कुठे ग्रीसच दिलं जात नाही, हे सगळं ठाऊक असतं. त्यांच्याजवळ बसून आम्ही खूप शिकलो. ‘ही मंडळी काही विकायला येत नाहीत, ऐकायला येताहेत’ असा फोन त्यांनी केला की देखभाल विभागाचं दार उघडायचं. तो शब्द आम्ही पाळला. भेटीत उपकरण दाखवलं नाही. ‘असं यंत्र घ्याल का?’ असंही विचारलं नाही. शेवटची मोटार कधी बंद पडली, तेव्हा काय केलंत, एवढंच विचारायचो.

बेअरिंगचे वितरक आणि नोकरीच्या जाहिराती हेही उपयोगी पडले. कंपन-तपासणीसाठी तंत्रज्ञ शोधणाऱ्या कारखान्याला ही अडचण आहे, हे उघडच होतं. निघताना ‘आणखी कुणाशी बोलू?’ हे विचारायचंच. मात्र ओळखीतून ओळख काढत गेलं की एकाच वर्तुळात फिरणं होतं, म्हणून सुरुवात वेगवेगळ्या टोकांकडून केली.

किती जणांशी बोलावं? अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये सुरू केलेल्या आय-कॉर्प्स या, संशोधकांना उद्योजकता शिकवणाऱ्या कार्यक्रमात प्रत्येक चमूकडून सुमारे १०० मुलाखतींची अपेक्षा असते. ग्रिफिन आणि हाउझर या विपणन-अभ्यासकांच्या १९९३च्या अभ्यासात मात्र २० ते ३० मुलाखतींत ग्राहकांच्या ९० टक्के किंवा अधिक गरजा कळतात असं दिसलं. मला दोन्ही पटतात : ग्राहक नेमका कोण हेच ठरत नसेल तर शंभरही लागतील, गट ठरला की तीस पुरतात.

आमच्याकडे त्रास तंत्रज्ञाचा, नुकसान उत्पादनप्रमुखाचं आणि सही हिशेब विभागाची, म्हणून तिघांनाही भेटलो. सारखा वाजणारा अलार्म लोक बंदच करून टाकतात, हे तंत्रज्ञांनीच सांगितलं. त्यामुळे आमचं उपकरण इशारे मोजकेच देतं, आणि कारणासकट देतं.

सगळ्यांत मोलाची माणसं म्हणजे ज्यांनी स्वतःच काहीतरी उपाय चालवला होता : स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकणारे, त्याची वहीत नोंद ठेवणारे. पहिली उपकरणं त्यांच्याकडेच बसली.

आता पंपांच्या गळतीवर काम सुरू केलंय. सध्या सील दुरुस्त करणाऱ्यांच्या भेटी चालू आहेत.