लेकीला म्युनिकला नेण्याआधीचे सात महिने

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला तेव्हा लेक पाच वर्षांची होती. ताबा दोघांकडे. शाळेचे दिवस माझ्याकडे आणि शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत ती कोथरूडला, तिच्या बाबांकडे. संमती अटींत एक ओळ होती: दोघांची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय मुलीला देशाबाहेर न्यायचं नाही. चार वर्षांनी कंपनीने म्युनिकची जागा देऊ केली आणि सगळं त्या ओळीपाशी येऊन थांबलं.

तो "नाही" म्हणाला. त्यामागे जुना रागच असणार, असं मी धरून चालले.

नात्यातल्या एकांनी सुचवलं, "आधी फिरायला म्हणून घेऊन जा, मग बघू." असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. न्यायालयाच्या आदेशाचा भंग तर होतोच, पण तिथेही वाट अडते. ताबा सामाईक असेल तर मुलाच्या निवासाच्या परवान्यासाठी जर्मन कायदा दुसऱ्या पालकाची संमती किंवा तसा न्यायालयीन निर्णय बघतो. पासपोर्टचंही तसंच. लहान मुलांचा तो पाचच वर्षांचा असतो. लेकीचा संपत आला होता आणि नव्या अर्जासाठी त्याचीही सही हवी होती.

मग पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याच्या अटी घटस्फोटानंतरही बदलून मागता येतात. वकील मॅडमनी मुंबई उच्च न्यायालयाचा २०२२ सालचा एक निकाल जोडला. पुण्यातल्याच एका आईला नोकरीसाठी मुलीला घेऊन पोलंडमधल्या क्राकोला जायची परवानगी त्यात मिळाली होती, तीही कौटुंबिक न्यायालयाने आधी नकार दिल्यावर. तो वाचून मला वाटलं, आपलं काम झालंच. माझी फाइलही जाड होती: नोकरीचं पत्र, पगार, शाळा, घर, विमा.

न्यायालयाच्या समुपदेशक मॅडमनी ती शांतपणे चाळली आणि विचारलं, "यात बाबा कुठे आहेत?"

एकाही कागदावर नव्हते.

पुढच्या तारखेला त्याचं म्हणणं दाखल झालं. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेलं तर परत आणण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. जर्मनी त्यात आहे, भारत नाही. म्हणजे मी उद्या लेकीला परत आणलंच नाही, तर त्या कराराचा आधार त्याला मिळणार नव्हता. वकील मॅडमनी समोर बसवून हे समजावलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही "नाही"च म्हटलं असतं.

मग मी फाइल बाजूला ठेवली आणि म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातल्या शाळांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर उघडलं. तिथे शाळा सक्तीची, सत्र चालू असताना आठवडाभर इकडे आणणं जमत नाही. उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची, पण ऑगस्ट आणि सप्टेंबरची सुरुवात. समुपदेशनाच्या खोलीत ते बघून तो पहिलं वाक्य बोलला, "म्हणजे आंब्याला नाही येणार ती." आणि थोड्या वेळाने, "गणपतीला येईल, बहुतेक वर्षी." त्या दिवशी आम्ही दोन तास बसलो. ठरलं ते असं: उन्हाळ्याच्या सुट्टीतले चार आठवडे त्याच्याकडे, नाताळची सुट्टी एक वर्षाआड, तो म्युनिकला आला तर ती त्याच्यासोबत राहील, तिकिटं माझी. परत आणण्याचं हमीपत्र मी दिलं, त्याने मागितलेली अनामत रक्कम न्यायालयात भरली. शाळेचे निकाल आणि दवाखान्याचे कागद दोघांनाही मिळतील, हे त्याने आग्रहाने लिहून घेतलं. योग्यच होतं ते.

न्यायाधीश मॅडम लेकीशी दालनात एकट्या बोलल्या. बाहेर आल्यावर ती आधी बाबाकडे गेली आणि मग माझ्याकडे आली. आत काय बोलणं झालं ते आम्ही दोघांनीही तिला विचारलं नाही. आदेश सातव्या महिन्यात मिळाला.

एक चूक मात्र राहिली, ती तुम्ही टाळा. रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ आदेशात "भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठ" अशी आहे. उन्हाळ्यात म्युनिकला तेव्हा पाच वाजतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेआठचे चार होतात. तेव्हा लेक शाळेनंतरच्या पाळणाघरात असते, फोन दप्तरात बंद. पहिल्या सोमवारी तो तिकडे साडेआठपासून फोन हातात धरून बसला होता आणि मी इकडे ऑफिसात. नंतर आम्ही दोघांनी ईमेलवर लिहून वेळ बदलली: म्युनिकचे पाच, बारा महिने. हिवाळ्यात त्याला साडेनऊपर्यंत थांबावं लागतं. तो थांबतो.