शिकागोतली ‘पहिली गगनचुंबी’ पाहायला निघाला असाल तर

शिकागोत कुणी ‘जगातली पहिली गगनचुंबी इमारत दाखवतो’ म्हणून पैसे मागितले, तर आधी विचारा, ती उभी आहे का? हा मान जिला देतात, ती वास्तुविशारद विल्यम ले बॅरन जेनीची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ची, आणि १९३१मध्ये ती पाडली. आमच्या वाटाड्याने ला साल आणि ॲडम्स रस्त्यांच्या चौकात बोचऱ्या वाऱ्यात ताटकळत ठेवलं आणि मोबाइलवर तिचा जुना फोटो दाखवला. मागे उभी होती ती तिच्या जागी बांधलेली फील्ड बिल्डिंग. वर टिप, तीही माणशी! शुद्ध लूट. त्याच चौकात १८८८ची रूकरी ही जुनी इमारत आहे, तिच्याकडे त्याने बोटसुद्धा दाखवलं नाही.

वाटाड्याला सोडा आणि जॅक्सन-डिअरबॉर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावर मोनॅडनॉक या जुन्या ऑफिस-इमारतीकडे जा. पाच-सात मिनिटांची चाल. वास्तुविशारद जॉन रूटने आखलेला तिचा उत्तरेकडचा भाग १८९१चा. सोळा मजल्यांचा भार विटांच्या भिंतींवर, म्हणून तळाशी भिंत सहा फूट जाड! खिडकीच्या कोनाड्यात हात घालून बघा, कोपरही आत जातं. नक्षी जवळजवळ नाहीच. मालक ब्रुक्स बंधूंपैकी एकाचं म्हणणं, बाहेर आलेल्या नक्षीवर धूळ साचते, कबुतरं बसतात. मला तर ही कंजुषीच आवडली. भिंत खाली किल्ल्याच्या बुरुजासारखी पसरत जाते, तेवढा एकच डौल पुरे आहे.

खाली चिकणमाती. इमारत आठ इंच खचेल असा हिशोब धरला होता. ती वीस इंचांपर्यंत गेली. आत शिरताना पायरी उतरावी लागते ती त्यामुळे. पाय जपा.

मग डिअरबॉर्नवरून दक्षिणेकडे चाला. जाड भिंती भाड्याची जागा खातात, म्हणून १८९३चा तिकडचा भाग होलाबर्ड आणि रोश या वास्तुविशारदांनी पोलादी सांगाड्यावर उभारला. विटांचं युग कुठे संपलं, ते एकाच इमारतीत दिसतं. आतल्या बोळातून, दुकानांमधून, परत या. ॲल्युमिनियमचा जिना चुकवू नका. १८९१मध्ये इमारतीत हा धातू वापरणं नवलाईचं होतं.

गाडी नेऊ नका, पार्किंगवाले वाटाड्याचेच भाऊ. शहरी रेल्वेच्या ब्लू लाइनचं जॅक्सन स्टेशन अगदी जवळ आहे. कामाच्या दिवशी जा, आत अजून ऑफिसं चालतात. उंचावरून शहर बघायचं असेल तर मात्र दुसरीकडे जा.