संपून जाणाऱ्या भेटी

सण महिनाभरावर आला की घराघरांत एक ठराव मंजूर होतो: यंदा विकतचं काही आणायचं नाही, सगळ्यांना घरीच काहीतरी करून द्यायचं. ठरावाला विरोध होत नाही, कारण तो खिशाला परवडतो आणि मनालाही बरा वाटतो. हात आखडता घेतलाय असं म्हणावं लागत नाही, जिव्हाळा दाखवतोय असं म्हणता येतं. मग रात्री कुणीतरी मोबाइलवर मेणबत्त्या करण्याचे व्हिडिओ बघत बसतं. त्या व्हिडिओंत ओटा कायम पांढराशुभ्र असतो, करणाऱ्याची नखं स्वच्छ असतात आणि मेण कशावरही सांडत नाही.

मला हा उद्योग मनापासून आवडतो. म्हणूनच त्याच्याबद्दलचा एक गोड गैरसमज आधीच दूर केलेला बरा. घरी केलेली वस्तू स्वस्त पडते हे अर्धंच खरं. एकच मेणबत्ती करायची म्हटलं तर ती विकतच्या उत्तम मेणबत्तीपेक्षा महाग पडते. मेण किलोने घ्यावं लागतं, वाती बंडलाने, सुगंधी तेलाची अख्खी बाटली. शिवाय थर्मामीटर हवा, वजनकाटा हवा आणि पुन्हा स्वयंपाकात वापरता येणार नाही असं एक भांडं हवं. दुसऱ्या मेणबत्तीला हिशेब थोडा सुधारतो. डझनभर केल्या की मग कुठे ‘स्वस्त’ म्हणायला तोंड राहतं.

त्यामुळे मावशीला साबण, मित्राला मफलर, शेजाऱ्यांना जॅम आणि भाचीला वही असा प्रत्येकाच्या नावाचा वेगळा थाट मांडायचा नाही. त्यात चार प्रकारचं सामान येतं, चारही अर्धवट उरतं आणि माळ्यावर जाऊन बसतं. एकच वस्तू ठरवावी आणि ती सगळ्यांना द्यावी. कुणी नाक मुरडत नाही. मुरडलं तर त्याला पुढच्या वर्षी यादीतून वगळता येतं, हाही एक फायदाच.

स्वस्त दिसेल का, ही धाकधूक मात्र सगळ्यांनाच असते. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी 2009 साली नेमकं हेच तपासलं होतं. देणाऱ्याला वाटतं की भेट जितकी महाग तितकी घेणाऱ्याला जास्त आवडणार. घेणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर किंमत आणि आवड यांचा तसा मेळ बसलाच नाही. म्हणजे लाजेचं ओझं आपण आपल्याच डोक्यावर घेऊन फिरत असतो. मला स्वतःला भेटीच्या स्वस्ताईपेक्षा वेगळीच गोष्ट सतावते. ती वस्तू समोरच्याच्या घरी जाऊन पुढे करणार काय?

इथे घरी करणाऱ्यांची नजर हमखास फसते. मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2012 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी लोकांना कागदाचे बेडूक आणि बगळे घडवायला दिले आणि मग विचारलं, तुमचीच ही वस्तू घ्यायला किती पैसे द्याल? करणाऱ्यांनी सरासरी 23 सेंट सांगितले. तेच वेडेवाकडे प्राणी बघणाऱ्या तिऱ्हाइतांनी सांगितले 5 सेंट. सराईत हातांनी केलेल्या सुबक घड्यांना 27 सेंटची बोली आली, म्हणजे नवशिक्यांना आपली कला जवळजवळ उस्तादांच्या तोडीची वाटत होती! चिकटवलेल्या शिंपल्यांची फोटोफ्रेम कुणाच्या हातात ठेवताना आपले डोळे का चमकतात आणि समोरच्याचे का चमकत नाहीत, याचं एवढं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

बरं, ती फ्रेम नाकारताही येत नाही. भेट द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावी लागते, अशी तीन बंधनं मार्सेल मॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने 1925 साली सांगितली होती. घरी केलेल्या भेटीला चौथं बंधन चिकटतं: ती सांभाळावी लागते. विकतची वस्तू बदलून आणता येते, आल्यागेल्याला देऊन टाकता येते. हाताने रंगवलेली आणि खाली सही केलेली बरणी कुठे सरकवणार? ती कपाटाच्या वरच्या फळीवर राहते. वहिनी येणार असं कळलं की खाली उतरते, पुसली जाते, दर्शनी जागी बसते आणि वहिनींची पाठ फिरली की परत वर जाते. भेट दिली वहिनींनी, पण राबतंय घेणारं घर.

म्हणून हाताने करून द्यायचं तर संपून जाणारं द्यावं, या मताची मी आहे. जळून जाणारं, झिजून जाणारं, लिहून भरणारं, खाऊन फस्त होणारं. आवडलं तर ते संपल्याची हळहळ वाटेल, नाही आवडलं तरी ते संपणारच आहे. दोघांचीही सुटका.

मेणबत्ती मला या यादीत सगळ्यात वर वाटते. सोया मेण साधारण 50 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, मधमाश्यांचं मेण जास्त हट्टी, ते 62 ते 64 अंशांपर्यंत दाद देत नाही. मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही, पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. पाणी तापलं की बुडबुडे येऊन सांगतं. मेण काही सांगत नाही, गुपचूप तापत राहतं आणि हद्द झाली की त्याची वाफच पेट घेते. तसं झालंच तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करून झाकण घालायचं. सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या 6 ते 10 टक्के पुरे होतं. हौसेने जास्त घातलं तर मेण ते धरून ठेवत नाही, वर घाम आल्यासारखे थेंब दिसतात.

सगळी गंमत मात्र वातीत आहे. पेल्याच्या मानाने वात बारीक असली तर ज्योत मधोमध विहीर खणत खाली जाते आणि कडेचं मेण जसंच्या तसं उभं राहतं. जाड असली तर काजळी धरते. म्हणून नवा पेला, नवं मेण किंवा नवी वात घेतली की पहिली मेणबत्ती आपल्याच घरी जाळून बघायची. भेटीसोबतच्या चिठ्ठीत एक ओळ आवर्जून लिहायची: पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचा सगळा थर कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवू नका. पेल्याच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक तास धरायचा. पहिल्या वेळी मेण जिथवर वितळतं तिथवरच पुढेही वितळायचा त्याचा कल असतो. ही ओळ न लिहिता दिलेली मेणबत्ती अर्धी वाया जाते आणि बोल वातीला लागतो.

साबणही संपणारा, पण तो घाईच्या माणसाचं काम नव्हे. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. तो विरघळताना मिश्रण आपोआप चांगलंच तापतं आणि उलटं केलं तर उसळून अंगावर येऊ शकतं. हातमोजे आणि चश्मा घातल्याशिवाय जवळ जायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, सोडा त्यालाच खातो आणि हायड्रोजन सुटतो. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. खोबरेल तेलाला ऑलिव्ह तेलापेक्षा बराच जास्त लागतो, त्यामुळे चमच्याचा अंदाज इथे कामाचा नाही, ग्रॅमवर मोजावं लागतं. आणि एवढं करून वड्या पाडल्या तरी साबण लगेच देता येत नाही. चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळू द्यावा लागतो, म्हणजे त्यातलं पाणी उडतं, वडी कडक होते आणि न्हाणीघरात दोन दिवसांत विरघळून जात नाही. साबणाला कॅलेंडर कळत नाही. सणाच्या आदल्या आठवड्यात साबणाचा बेत करणाऱ्यांनी सरळ मेणबत्त्यांकडे वळावं.

खाण्याच्या वस्तूंबद्दल मी थोडी कडक आहे. कोरड्या, भाजलेल्या किंवा साखरेत नीट शिजवलेल्या वस्तू खुशाल द्याव्यात. पण हल्ली सुंदर बाटलीत तेल, त्यात तरंगणाऱ्या लसणाच्या पाकळ्या, बुचाला सुतळी, असं एक चित्र फार फिरतं. ते चित्रातच राहू द्यावं. लसूण मातीतून येतो आणि मातीतले बोटुलिझमचे, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचे, जिवाणू त्याच्याबरोबर येऊ शकतात. वरून तेल ओतलं की हवा तुटते, आंबटपणा मुळात नसतोच आणि बाटली बाहेर ठेवली तर त्या जिवाणूंना विष तयार करायला हवी तशी जागा मिळते. चव बदलत नाही, वासही येत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 1985 साली एका रेस्टॉरंटमधल्या अशाच लसणाच्या तेलातून 36 जणांना बाधा झाली होती. ज्यांच्यावर आपलं प्रेम आहे त्यांच्यावर प्रयोग करायचे नसतात. नावडत्यांवरही नाही, पण ते वेगळं.

वही शिवणं हे यातलं सगळ्यात शांत काम, आणि खरं स्वस्तही. चार कागद एकात एक घालून दुमडले की सोळा पानांची एक घडी होते. अशा सहा-सात घड्या, जाड सुई, मेण लावलेला दोरा, भोकं पाडायला टोच्या, पुठ्ठा आणि खळ. एवढ्यात चांगली वही उभी राहते. एकच मेख आहे, ती कागदात दडलेली असते. कागदाचे तंतू एका दिशेने पसरलेले असतात आणि ती दिशा वहीच्या कण्याला समांतर हवी. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघायचा. जिकडे तो मुकाट्याने वाकतो, तिकडे तंतू घडीच्या रेषेला समांतर असतात. हे न बघता शिवलेली वही नीट उघडत नाही आणि खळीचा ओलावा लागला की पुठ्ठा वाकडं तोंड करून बसतो.

वही संपणारी आहे का, असं कुणी विचारेल. भरली की संपली. कोरी ठेवली तर तो घेणाऱ्याचा आळस, आपलं काम झालेलं असतं. कुणाला वही द्यायची याचा थोडा विचार मात्र करावा. जो याद्या करतो, हिशेब लिहितो, फोनवर बोलताना रेघोट्या मारतो, त्याला द्यावी. ‘तू लिहीत जा’ असं सुचवण्यासाठी दिलेली वही हा भेटीच्या रूपातला उपदेश असतो.

विणकामावर माझा विशेष जीव आहे, पण ते या हिशेबात बसत नाही. साध्या मफलरीलाही कित्येक संध्याकाळी जातात, आणि तेवढं करून समोरच्याला लोकर टोचते असं निघतं. स्वेटर तर मापाचा मामला. तो फक्त अशा माणसाला विणावा ज्याला आधी उभं करून, टेप लावून, रंग विचारून घेता येतो. अचानक आश्चर्याचा धक्का द्यायला स्वेटर हे फार धोक्याचं साधन आहे.

हल्ली कागदाच्या कुपनांचीही पद्धत आहे: ‘एक दिवस तुमची मुलं सांभाळीन’, ‘एकदा कपाट आवरून देईन’. खर्च शून्य, कल्पना छान. पण कुपन घेऊन दारात उभं राहायला माणसाला संकोच होतो, आणि ती कुपनं खणात पिवळी पडतात. द्यायचंच तर तारीख घालून द्यावं: अमुक शनिवारी संध्याकाळी चारला मी येते, तुम्ही दोघं बाहेर जा. मग ते खरंच घडतं. सगळ्या घरगुती भेटींत ही सर्वात उत्तम भेट असेल, आणि सर्वात दमवणारीही.

ज्याला हातकाम जमतच नाही त्याच्यासाठी मनी प्लांट आहे. वेलीचा तुकडा पेराच्या किंचित खाली कापायचा, पेर पाण्यात बुडेल अशा बेताने काचेच्या बाटलीत ठेवायचा. दोन ते चार आठवड्यांत मुळं दिसू लागतात. एका वेलीतून अर्धं नातेवाईकमंडळ निघतं. तो संपत नाही, हे माझ्या नियमाविरुद्ध आहे खरं. पण मेला तर कुणी जाब विचारत नाही, त्यामुळे चालतो. घरात मांजर असेल तर मात्र देऊ नये, तिने पानं चावली तर तिला त्रास होतो.

कशावरही चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर शुभेच्छांच्या आधी कामाचा मजकूर हवा: आत काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत वापरायचं. शेवटी ‘बरणी परत नको’ असं ठळक लिहावं. ते लिहिलं नाही की घेणारा महिनाभर धुतलेली बरणी ओट्यावर ठेवून बसतो आणि ती रिकामी कशी परत करायची या विवंचनेत पडतो.

आता राहिला सोळा-सतरा वर्षांचा भाचा. त्याला मेणबत्ती, साबण, वही यातलं काहीही नको असतं आणि तो ते चेहऱ्यावरून लपवतही नाही. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1993 साली विद्यार्थ्यांना विचारून हिशेब मांडला होता, की भेटवस्तूच्या किमतीतला दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो, कारण घेणाऱ्याच्या लेखी तिचं मोल तेवढं नसतं. हे सांगताना भावनिक मोल बाजूला ठेवा, असंही त्याने विद्यार्थ्यांना बजावलं होतं. भावनिक मोल काढून घेतलं तर माझ्या मेणबत्तीत उरतं काय, हा प्रश्न मी वॉल्डफोगेलला विचारणार नाही. पण भाच्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. त्याला पाकिटात पैसे घालून द्यावेत. पाकीट हवं तर घरी करावं.