घड्याळ चालेल, सट्टा नको

शिकागोला ताईकडे गेलो की रिगली फील्डवर, म्हणजे तिथल्या कब्ज या बेसबॉल संघाच्या मैदानावर, एक तरी सामना बघायचाच, हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. तो योग 2025 च्या ऑगस्टमध्ये आला. नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क हे सगळं त्याआधी झालं. त्यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, मी त्यात भर घालत नाही. रिगलीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तिथून मी जितका खूश होऊन निघालो तितकाच चिडूनही.

रेड लाइनच्या गाडीतून ॲडिसन स्टेशनवर उतरलं की रस्ता शोधावा लागत नाही. निळे शर्ट जातात तिकडे आपण जायचं. शेफील्ड रस्त्याच्या कोपऱ्यावर मैदान सुरू होतं. फोटोत दिसणारी ती प्रसिद्ध लाल पाटी 1934 सालची, पण ती पलीकडच्या क्लार्क रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. स्टेशनकडून येणाऱ्याला आधी दिसतं ते मैदानाच्या अंगालाच बांधलेलं, सट्टा लावण्याचं दुमजली चकचकीत दालन. बिनचोरीचं, कायदेशीर, रेस्टॉरंटसकट. मैदान 1914 सालचं, 2020 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळालेलं, आणि त्याच्या कुशीत हे. मी थबकलो. भाऊजी म्हणाले, "चल पुढे. मी या बाजूला बघतच नाही."

भाऊजी बरीच वर्षं शिकागोच्या उपनगरात राहतात आणि कब्जचे एकनिष्ठ भक्त आहेत. 2016 मध्ये 108 वर्षांनी कब्जनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकली, तेव्हा ते रडले होते, असं ताई सांगते. त्यांच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात जुन्या तिकिटांच्या अर्धुकल्या जपून ठेवलेल्या आहेत. आता तिकीट फोनवर येतं, दारात स्कॅन होतं आणि संपतं. डब्यात टाकायला काही उरत नाही.

आत गेल्यावर मात्र माझी चिडचिड पळाली. शुक्रवारची दुपार, दीड वाजायच्या थोडं आधी सुरू होणारा सामना, लखलखीत ऊन. आउटफील्डच्या विटांच्या भिंतीवर वेल इतका दाट चढलेला की वीट दिसत नाही. चेंडू त्यात अडकला आणि क्षेत्ररक्षकाने हात वर केले, की फलंदाजाला दोन बेस, म्हणजे धाव पुरी करताना गाठायचे दोन टप्पे, आयते मिळतात. हा वेल आणि त्याच्यावरचा हिरवा धावफलक, दोन्ही 1937 सालचे. धावफलक आजही हाताने चालतो. आत माणसं असतात, ती लोखंडी पाट्या सरकवतात. मी दुर्बिणीतून बघत होतो. एका चौकोनातून आकडा मागे ओढला गेला, क्षणभर काळोखी फट दिसली, फटीत एक कोपर दिसलं आणि नवा आकडा येऊन बसला. 2015 पासून मैदानात मोठाले व्हिडिओ पडदेही आहेत, त्यांवर सगळं आधीच झळकतं. तरी भाऊजी मान वळवून बघतात ते त्या हिरव्या फलकाकडेच.

भाऊजींनी मांडीवर स्कोअरकार्ड उघडलं आणि पेन्सिल काढली. इथे प्रेक्षक स्वतः स्कोअर लिहितात, ही या खेळाची माझी सगळ्यात आवडती रीत. प्रत्येक जागेला एक आकडा असतो. चेंडू टाकणारा पिचर 1, फलंदाजामागे बसून झेलणारा कॅचर 2, असं करत राइट फील्डर 9. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने, चेंडू उचलून सेकंड बेसमनला दिला, त्याने पहिल्या बेसवर फेकला आणि दोन गडी बाद झाले, तर लिहायचं 6-4-3. फलंदाजाने चुकवलेला किंवा सोडून दिलेला चांगला चेंडू म्हणजे स्ट्राइक. तीन स्ट्राइकनी बाद, म्हणजे स्ट्राइकआउट, झाला तर के, आणि शेवटच्या चेंडूला तो बॅट न फिरवता उभाच राहिला तर के उलटा काढायचा. आपले स्कोअरर निर्धाव षटकाचे सहा टिंबं जोडून एम करतात, तो मला आठवला. दोन-तीन इनिंग्जनंतर भाऊजींनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "लिही. चुकलास तर खोडरबर आहे."

लिहायला लागल्यावर ते घड्याळ खऱ्या अर्थाने कळलं. 2023 पासून बेसबॉलमध्ये पिच क्लॉक आलंय. बेस रिकामे असतील तर पिचरने 15 सेकंदांत चेंडू टाकायचा. बेसवर धावपटू असेल तर पहिल्या वर्षी 20 सेकंद होते, आता 18. आठ सेकंद उरायच्या आत फलंदाज तयार नसेल तर त्याच्या नावावर आयता स्ट्राइक, आणि पिचरला उशीर झाला तर आयता बॉल, म्हणजे त्याच्या नावावर एक वाईट चेंडू. मी मागचा चौकोन भरतोय तोवर पुढचा चेंडू पडलेला असायचा. याच खेळाबद्दल अभिमानाने सांगितलं जायचं, की आमच्याकडे घड्याळ नसतं. त्यामुळे ते आकडे उलटे पळताना बघून सुरुवातीला मला वाईटच वाटत होतं. कसोटीवर वाढलेल्या माणसाला संथपणाची घाई करून चालत नाही.

माझं मत बदललं ते शेजारच्या आजींमुळे. त्या लहानपणापासून इथे येतात. आमच्या ओळी बघून त्यांनी आपणहून चौकशी केली, शेंगदाण्यांची पिशवी पुढे केली आणि माझा एक चुकलेला उलटा के दुरुस्तही करून दिला. मी घड्याळाबद्दल हळहळलो तेव्हा त्या जवळजवळ रागावल्याच. त्यांच्या लहानपणी दुपारचा सामना बघून वडील आणि त्या रात्रीच्या जेवणाआधी घरी पोचत. ग्लोव्हचे पट्टे दर चेंडूआधी सोडायचे आणि बांधायचे, पिचरने चेंडू टाकायच्या उंचवट्यामागे फेऱ्या मारायच्या, ही थेरं नंतरची. आकडे आजींच्याच बाजूने आहेत. 2021 मध्ये नऊ इनिंग्जचा सामना सरासरी 3 तास 10 मिनिटं चालायचा. घड्याळ आलं आणि 2023 मध्ये तो 2 तास 40 मिनिटांवर आला, म्हणजे 1985 च्या आसपास होता तिथे. आपण ज्याला परंपरा म्हणून कवटाळतो, तिचं वय एकदा तपासायला हवं हे मला तिथे पटलं. आयसीसीनेही आता दोन षटकांमध्ये 60 सेकंदांचं घड्याळ लावलंय. त्यावरची माझी कुरकुरही मी सोडून दिली आहे.

याच मैदानावर दिवे लावायलाही केवढा विरोध झाला होता! बाकीच्या लीगमध्ये दशकानुदशकं रात्रीचे सामने चालू असताना रिगलीत फक्त दुपारीच खेळ व्हायचा. आजूबाजूचे रहिवासी दिव्यांविरुद्ध भांडले. अखेर 8 ऑगस्ट 1988 ला दिवे लागले, तर पावसाने तो सामनाच धुवून नेला आणि अधिकृत पहिला रात्रीचा सामना दुसऱ्या दिवशी झाला. आजी त्या काळात दिव्यांच्या विरोधात होत्या. आज त्यांना रात्रीचे सामने आवडतात, उन्हाचा त्रास होत नाही म्हणून.

बॉल की स्ट्राइक यावर यंत्राकडे दाद मागायची सोय 2026 पासूनची. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारून मागायची. भाऊजींना ती नको आहे. झेललेला चेंडू अलगद आत ओढून अंपायरला स्ट्राइक वाटायला लावणं ही कॅचरची कला आहे आणि ती मरेल, असं त्यांचं म्हणणं. मला ती सोय हवी. डीआरएसने क्रिकेटचं काही बिघडलं नाही.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळं मैदान उभं राहून 1908 सालचं एक गाणं म्हणतं. इथे ते हॅरी कॅरी हे समालोचक खिडकीतून बाहेर वाकून, बेसूर पण मनापासून म्हणवून घेत. ते 1998 मध्ये गेले, तेव्हापासून पाहुणे गायक असतात. आजी, भाऊजी, मी, सगळे उभे. पुढच्या ओळीतली चार तरुण मुलं तेवढी बसलेली. प्रत्येकाच्या हातात फोन, त्यावर पुढच्या फलंदाजाचे भाव. सामनाभर त्यांचं हेच चाललं होतं. एका खणखणीत फटक्याला सगळं मैदान ओरडलं, तेव्हा त्यांतल्या एकाने शिवी हासडली, कारण त्याने स्ट्राइकआउटवर पैसे लावले होते. तोही कब्जचाच शर्ट घालून आला होता! आजींनी मान फिरवली.

हे शहर बेसबॉलमधल्या सट्ट्याने सगळ्यात जास्त पोळलेलं आहे. 1919 ची वर्ल्ड सिरीज शिकागोच्याच व्हाइट सॉक्स या दुसऱ्या संघाच्या आठ खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन घालवली. 1921 मध्ये ज्युरीने निर्दोष सोडूनही त्या आठ जणांना खेळातून कायमचं काढलं गेलं. आणि ती चौकशी सुरू कशावरून झाली? 31 ऑगस्ट 1920 च्या कब्ज विरुद्ध फिलीज या सामन्याच्या संशयावरून. तो सामना झाला होता ह्याच मैदानावर. त्याच भिंतीला लागून आज ते दालन आहे! 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला आडकाठी करणारा केंद्रीय कायदा रद्द केला, तेव्हापासून हे सगळं उघड झालं. क्लबहाउसच्या, म्हणजे खेळाडूंच्या खोलीच्या, भिंतीवर मात्र आजही नियम लावलेला असतो, की स्वतःच्या सामन्यावर पैज लावणाऱ्या खेळाडूला कायमची बंदी. 2000 साली आपल्याकडे फिक्सिंग उघडकीस आलं, त्यानंतर कितीतरी दिवस मला प्रत्येक नो-बॉल संशयास्पद वाटायचा. तो संशय एकदा शिरला की खेळ बघताच येत नाही, हे मी अनुभवलंय, म्हणून इतका संताप.

परत आल्यावर नोव्हेंबरमध्ये बातमी वाचली. ठरावीक चेंडू मुद्दाम वाईट टाकून जुगाऱ्यांना मदत केल्याच्या आरोपावरून मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधल्या दोन पिचरांवर आरोपपत्र दाखल झालं. तेव्हा आरोप सिद्ध व्हायचे होते. त्यापाठोपाठ लीगने जाहीर केलं, की एकेका चेंडूवरच्या पैजेला यापुढे 200 डॉलरची मर्यादा. मी रात्री भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "दोनशे कशाला? शून्य का नाही?" मला यात एक अक्षरही बदलायचं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या तिकिटांचंही मग बोलणं झालं. दुपारचाच सामना, वरच्या सज्जात, फोनधाऱ्यांपासून लांब, आणि क्लार्क रस्त्याच्या दाराने आत जायचं.