नाताळची यादी आणि आईचं जादा ताट

शनिवारी रात्री पावणेदहाला घरात पाय टाकला तेव्हा दोन्ही हातात मिळून अकरा पिशव्या होत्या आणि डोकं इतकं ठणकत होतं की लाइटसुद्धा नको वाटत होती. लेक धावत आली, मम्मी माझं काय आणलंस म्हणून पिशव्या उघडायला लागली आणि मी तिच्यावर ओरडले. काही कारण नव्हतं. ती एक शब्द बोलली नाही, आत जाऊन बसली, आणि मी तिथंच पिशव्यांच्या मधे सोफ्यावर बसून राहिले. जेवण पण नीट गेलं नाही. तेव्हापासून ते डोक्यातनं जाईना झालंय म्हणून आज लिहायला बसले.

यंदा नाताळ गुरुवारी आलाय. म्हणजे आधीचा शनिवार-रविवार सोडला तर हातात काही नाही, रोज ऑफिस आहेच. मोबाइलमधे यादी केलीय, सत्तावीस नावं. घरातले चौघं, आई, दादा-वहिनी आणि त्यांची पोरं, सासरकडचे, नणंदेची दोन मुलं, संडे स्कूलच्या माझ्या वर्गातली मुलं, ऑफिसात चिठ्ठ्या टाकून जिचं नाव आलंय ती मॅडम, लेकीच्या क्लासमधे पण तसंच चिठ्ठ्यांचं गिफ्ट, शिवाय कामाला येणाऱ्या मावशी. प्रत्येक नावापुढं वस्तू आणि वस्तूपुढं बजेट. ऑनलाइन मागवलेला लेकीचा फ्रॉक दोन साइझ लहान आला, परत न्यायला माणूस येतो येतो म्हणून तीन दिवस झाले आला नाही, पैसे अडकलेत, आणि नाताळला चार दिवस राहिलेत. मग काय, शनिवारी सकाळी गाडी काढली, आधी गांधीनगर, मग राजारामपुरी, मग शेवटी महाद्वार रोड.

डिसेंबरात महाद्वार रोडला जायचं म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. शाळांच्या सहली सगळ्या याच महिन्यात अंबाबाईला येतात, लाल निळ्या स्वेटरातली पोरं एकमेकांचा हात धरून रांगेनं चाललेली, त्यात टुरिस्ट, त्यात गाड्या. मला ती गर्दी एरवी आवडते खरं तर. पण हातात यादी असली की माणसं दिसतच नाहीत, फक्त आडवी येतात. हे मला शनिवारी कळलं आणि वाईट वाटलं.

गांधीनगरात तर पार्किंगलाच पाऊण तास गेला. गाडीत बसून होते तेव्हा पप्पांची आठवण आली, कारण नाताळची खरेदी म्हणजे आमच्या लहानपणी फक्त गांधीनगर. पप्पा एसटीत होते. डिसेंबरचा पगार झाला की आई-पप्पा दोघंच जायचे आणि एक तागा बघून यायचे, त्याच एका कापडाचे आम्हा दोघी बहिणींचे फ्रॉक, दादाचा शर्ट, आणि उरलेल्याच्या उशीच्या खोळी. टेलर आमच्या गल्लीतलाच, तो चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत काजं करत बसलेला असायचा आणि आम्ही त्याच्या दुकानाच्या पायरीवर. खरेदी तेवढीच. गिफ्ट हा शब्द घरात नव्हता.

पप्पा दरवेळी तिथनं आले की एक गोष्ट सांगायचे. आज गांधीनगर आहे ना, तिथं आधी पोलंडच्या लोकांची छावणी होती. वळिवड्याची छावणी. दुसऱ्या महायुद्धात रशियानं ज्यांना घरादारातनं उचलून सैबेरियात नेलं त्यातले हे लोक, तिथनं सुटून इराणमार्गे इकडं आले, १९४३ ते १९४८ इथं राहिले, साधारण पाच हजार जण, बहुतेक सगळ्या बायका आणि लहान मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, सगळं होतं, फक्त परत जायला घर नव्हतं. ते गेल्यावर फाळणीत सिंधमधनं आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहिली आणि त्यांनी हा कापडाचा बाजार उभा केला. म्हणजे एकाच जागेवर घर गमावलेली माणसं दोनदा येऊन राहिली. आमच्या आजीनं त्या पोलिश बायका कोल्हापुरात बाजाराला आलेल्या बघितल्या होत्या.

पोलंडमधे अशी रीत आहे की चोवीस तारखेला संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की मगच जेवायला बसायचं. टेबलावरच्या चादरीखाली थोडं गवत पसरायचं, ख्रिस्तजन्माच्या गव्हाणीची आठवण म्हणून. आणि घरात जेवढी माणसं असतील त्यापेक्षा एक ताट जास्त मांडायचं, कोणी अचानक दारात आलं तर त्याच्यासाठी. मी गाडीत बसून तेच डोळ्यासमोर आणत होते. वळिवड्यात डिसेंबरात संध्याकाळी बऱ्यापैकी गार पडतं, आभाळ स्वच्छ असतं, चांदणी लवकर दिसत असणार. नवरा कुठं, भाऊ कुठं माहीत नाही आणि तरी एक ताट जास्तीचं. पाठीमागनं हॉर्न वाजला आणि मी गाडी पुढं घेतली.

आमच्या घरात अशी काही रीत म्हणून नव्हती, पण आई नाताळच्या दिवशी कधी मोजून रांधायची नाही. बऱ्याच जणांना अजून वाटतं की आमचा नाताळ म्हणजे इंग्रजी पद्धतीचा, केक आणि सूट-बूट. अहो, अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वाइल्डर कोल्हापुरात आले १८५२ साली, तेव्हापासून बघितलं तर कितीतरी पिढ्या झाल्या, आमचा नाताळ मराठीच आहे. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, बुंदीचे लाडू, आणि पंचवीसला दुपारी तांबडा-पांढरा. नानकटाईचं पीठ, तूप, साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं, तिथं नंबर लावायचा, आणि गरम ट्रे निघाले की तो वास अंगात मुरलेला घेऊन घरी यायचं. मी आणि दादा तीन-तीन तास बसलोय त्या रांगेत. तेव्हा ते कंटाळवाणं वाटलं होतं का, तर नाही, कारण तिथं आख्खी वस्ती भेटायची.

दिवाळीत गल्लीतल्या प्रत्येक घरातनं आमच्याकडं फराळाचं ताट यायचं, ईदला शीरखुर्मा यायचा. आई ती घरं लक्षात ठेवायची. ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून तेव्हा साखर घालून द्यायची आणि नाताळला मग आमची ताटं निघायची, वर विणलेला रुमाल टाकून. ताटं पोचवायचं काम माझं. एका घरी दिलं की त्या काकू आत नेऊन काहीतरी हातावर ठेवायच्याच, गुळाचा खडा, ऊस, शेंगदाणे. गुऱ्हाळं चालू असतात ना या दिवसांत, नवा गूळ घरोघरी असायचा. आमच्याकडं रात्री गाणी म्हणायला मंडळी यायची पेटी-ढोलकी घेऊन, त्यांना त्याच गुळाचा चहा. पहाटे दीड-दोनला. आम्ही घोंगड्यात गुंडाळून दारात उभे.

घोंगडं म्हटलं की नाटक आठवलं. संडे स्कूलच्या नाटकात मेंढपाळांना नेसवायला खरीच धनगरी घोंगडी असायची, ओळखीतल्या एका धनगर मामांकडनं आणलेली. मी तीन वर्षं मेंढपाळ होते. ती अंगाला टोचायची आणि तिला मेंढराचा खरा वास यायचा आणि मला लहानपणी पक्कं वाटायचं की बेथलेहेम कुठंतरी कागलच्या पलीकडं असणार.

तर रविवारी उपासना झाल्यावर आईकडं गेले. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण करंज्यांचं सारण तिनंच भाजून ठेवलेलं. मी तिला यादी दाखवली, सत्तावीस नावं, अजून नऊ राहिलीत म्हटलं. तिनं चष्मा लावून सगळी वाचली. म्हणाली, ‘‘आणि न सांगता येणाऱ्याचं काय केलंयस?’’

मी म्हटलं कोण न सांगता येणार आहे आता, सगळे फोन करून येतात. ती म्हणाली, ‘‘आमच्यात कुठलं सालच गेलं नाही बघ कोणी आलं नाही असं. तुला एसटीतला तो ड्रायव्हर आठवतोय का, गाडी बंद पडलेली, पप्पा घेऊन आलते?’’ आठवत होता. नाताळचा दिवस, ड्यूटीवरचा माणूस, घर लांब कुठंतरी लातूरकडं. आईनं पांढऱ्या रश्श्यात मटण शिजवलेलं अळणी पाणी वाढवलं, अजून दोन भाकरी थापल्या, आणि तो जेवताना मधेच थांबून डोळे पुसायला लागला. त्याची लेक माझ्याएवढी होती म्हणे. आईनं जाताना त्याच्याकडं तिच्यासाठी करंज्या बांधून दिल्या. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन, मला राग आला होता कारण त्या करंज्यांत माझ्या आवडीच्या, मुरड घातलेल्या होत्या.

त्या सत्तावीस नावांत मी सगळ्यांचा हिशोब केलाय, दोनशेचं कोणाला, पाचशेचं कोणाला, मागच्या वर्षी त्यांनी काय दिलं होतं त्यावरनं यंदा काय द्यायचं. आई पण हिशोबच करायची, पगार तेवढाच होता, पण तिच्या हिशोबात नाव नसलेल्या माणसाला जागा होती. मला हे कालपर्यंत दिसलं नव्हतं.

घरी येऊन लेकीला जवळ घेतलं, सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ‘‘मम्मी, मला फ्रॉक नको, मी जुना घालतो, पण तू ओरडू नको.’’ कोल्हापूरची लेक, जातो-येतोच म्हणणार. मग आम्ही दोघींनी बसून राहिलेली नऊ नावं बघितली आणि नऊच्या नऊ घरांत नानकटाई द्यायची ठरवलं. ऑफिसच्या मॅडमना पण. उद्या संध्याकाळी पीठ-तूप घेऊन भट्टीवर जायचंय, लेक येणार आहे नंबर लावायला.

आणि आज जाता जाता मटणवाल्या मामांना पंचवीसची ऑर्डर सांगितली. दरवर्षी दोन किलो असतं. यंदा अडीच सांगितलं. ह्यांनी विचारलं कोण येणार आहे, मी म्हटलं अजून माहीत नाही.