पान्हा, डोळ्याचा पांढरा भाग आणि गुलाबी पडदा

"म्हशीनं पान्हा चोरला" असं आपल्याकडं सहज म्हटलं जातं. ती काही चोरत नाही. कास धुतली, सडांना हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, कासेतल्या दुधाच्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि धार लागते. म्हैस बिचकली की भीतीचं संप्रेरक ॲड्रेनालिन आडवं येतं. गाईचं साधारण 20 टक्के दूध सडांच्या वरच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, म्हशीचं जेमतेम 5 टक्के. म्हणून भ्यालेली गाय चार धारा तरी देते, म्हशीची चरवी कोरडीच राहते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एवढ्या गर्दीत पंढरपुरी म्हैस धार देते ती सवयीच्या हातामुळं आणि ठरल्या वेळेमुळं. पान्ह्यासाठी अपायकारक इंजेक्शन टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

पण जनावर बिचकलंय हे ओळखायला दूध आटेपर्यंत थांबायचं कशाला? 2002 साली नॉर्वेत सँडेम या संशोधक आणि सहकाऱ्यांनी गाईंपुढं भोकं पाडलेल्या पारदर्शक झाकणाखाली चारा ठेवला. दिसतो, वास येतो, पण तोंडाला लागत नाही. गाईंच्या डोळ्यांचा पांढरा भाग जास्त दिसू लागला.

गोठ्यात हे मोजता येतं. मोबाईल तिपाईवर, जनावराच्या डोळ्याच्या उंचीला, बाजूनं, दोनेक मीटरवर लावा. फ्लॅश बंद. आंबोण पुढं ठेवण्याआधी 5 मिनिटं आणि नंतर 5 मिनिटं चित्रण घ्या. दर 10 सेकंदाला चित्र थांबवून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघड्या डोळ्याची कड आखा, मग पांढऱ्या भागाची. पांढरं भागिले पूर्ण डोळा, गुणिले 100. मान वळवून मागं बघतानाची चित्रं टाकून द्या. तेव्हा भीती नसतानाही पांढरं दिसतं. आकडे एकाच जनावराचे एकमेकांशी ताडा, शेजारच्या म्हशीशी नको.

खरी फसगत पुढं आहे. चारा येणार हे कळलेल्या गाईचंही पांढरं वाढतं. म्हणजे हा आकडा खळबळ सांगतो, ती सुखाची की दुःखाची ते नाही. म्हणून कान बघायचे. 2014 च्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात मान आणि कपाळ कुरवाळताना गाईंचे कान सैल पडलेले जास्त वेळ दिसले. माश्या असतील तर कानांची नोंद बाद.

मनाचा कल आशेकडं की निराशेकडं, हे शोधायची सगळ्यात पटणारी रीत उंदरांवर 2004 साली निघाली, नंतर वासरांवर वापरली गेली. लाल आणि पांढरा, दोन पडदे. एकाला नाक लावलं तर दूध, दुसऱ्याला लावलं तर दूध नाही आणि वर थोडा वेळ ताटकळणं. वासरू शिकलं की मधला गुलाबी पडदा दाखवायचा. शिंगं वाढू नयेत म्हणून तापल्या लोखंडानं डागल्यावर तीच वासरं गुलाबीला कमी वेळा नाक लावू लागली. चांगलं काही मिळेल ही आशाच मंदावली होती. संकरित वासरांची शिंगं डागून घेताना शिंगाच्या नसेत भूल द्यायला डॉक्टरांना सांगाच. ती दोनेक तासांत उतरते, त्यामुळं सोबत वेदनाशामकही मागून घ्या.