शिसं की पोलाद? साउथ डकोटातला एक दिवस

रेडफील्डला पोचलो तेव्हा आतेभावाने जेवणाच्या टेबलावर काडतुसांचं दुकान मांडलं होतं. ऑक्टोबर संपत आलेला, फेझंट या कोंबडीएवढ्या, लांब शेपटीच्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम ऐन रंगात. साउथ डकोटातला पहिला हंगाम १९१९ साली याच स्पिंक काउंटीत झाला, तोही एका दिवसाचा. पक्षी मूळचा चीनकडचा, आता इथला राज्यपक्षी. तरीही माणशी रोज तीन नर मारायची मुभा आहे. मादीवर बार टाकायचा नाही.

मी बंदूक धरणार नव्हतो, नुसता सोबत चालणार होतो. तरी अक्कल पाजळलीच. साडेसात नंबरचं खोकं उचलून म्हटलं, "दादा, ह्यात छरे जास्त, हेच घे की." शिशाच्या साडेसात नंबरचे औंसाला साडेतीनशेच्या आसपास छरे बसतात, पाचचे जेमतेम एकशेसत्तर.

"ते सरावात हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायला," दादा म्हणाला. नंबर चढतो तसा छरा बारीक होतो. १७ मधून नंबर वजा करायचा, की व्यास इंचाच्या शतांशात मिळतो. म्हणजे पाचचा ०.१२ इंच. फेझंट उठतो तो बहुतेक वेळा आपल्याला पाठ करून. छऱ्याला शेपटीकडून आत घुसून काळजापर्यंत पोचायचं असतं. बारीक छरा मध्येच दमतो, आणि जखमी पक्षी पायांनी असा पळतो की कुत्राही हात टेकतो.

वहिनीच्या वीस बोअरची पिवळी काडतुसं मात्र त्याने आधी वेगळ्या कपाटात ठेवली. बोअरचा आकडा वाढतो तशी नळी अरुंद आणि काडतूस बारीक. बारा बोअरमध्ये चुकून वीसचं गेलं तर ते नळीत पुढे सरकून अडकतं. मागून बाराचं भरून चाप ओढला की नळी फुटते. पिवळा रंग त्यासाठीच.

दहाच्या आधी बार टाकता येत नाही, हा नियम मला मनापासून आवडला. शिकारीला येऊन झोप पूर्ण!

पहिलं रान निघालं पाणपक्ष्यांसाठी राखलेली सरकारी जमीन. तिथे शिशाचा छरा नुसता खिशातही चालत नाही, कारण चिखलातला छरा बदकांच्या पोटात जातो आणि त्यांना विष होतं. दादाने जाकीट उलटंपालटं केलं, तर अस्तरात एक पाच नंबरचं सापडलंच. ते गाडीत गेलं, पोलादाचं तीन नंबर बाहेर आलं. पोलाद शिशाहून बरंच हलकं, म्हणून तेवढाच जोर हवा तर दोन नंबर जाड छरा घ्यायचा. शिवाय ते कडक. नळीच्या तोंडाशी दबत नाही. दादाने फुल चोक, म्हणजे नळीचं तोंड आवळणारा तुकडा, काढून मोकळा बसवला. आजोबांच्या काळची बंदूक असती तर पोलाद घातलंच नसतं म्हणाला, बिस्मथ, म्हणजे पोलादाहून मऊ आणि बिनविषारी धातू, घेतलं असतं.

त्या रानात एक नर मिळाला. दुपारी ओळखीच्या शेतकऱ्याच्या ज्वारीत (हो, ज्वारीच!) शिशाचं पाच नंबर भरलं, तिथे आणखी एक.

रात्री रश्शात दाढेखाली कट्ट झालं. छरा ताटाच्या कडेला ठेवला. वहिनीने फ्रिजवरचं चुंबक काढून जवळ आणलं. टक्कन चिकटला.

"सकाळचा," दादा म्हणाला.